मास्तरांच्या दाढीखाली

मास्तर काळे कोट शिवायचे. फक्त काळे. वकिलांचे, न्यायाधीशांचे, आणि कोर्टात ज्यांना ज्यांना काळं घालून उभं राहावं लागतं त्या सगळ्यांचे. कोणी चुकून निळं कापड घेऊन आलं तर मास्तर ते टेबलावर ठेवूही द्यायचे नाहीत. "शेजारी विचारा," म्हणायचे. शेजारी चपलांचं दुकान होतं.

कोर्टाच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. दाराशी काचेचं कपाट, मधे कापडं बेतायचं टेबल, भिंतीला तीन झडपांचा आरसा, आणि खिडकीखाली उजेडात काजवाले. काजवाले म्हणजे कोटांची काजं हाताने करणारे म्हातारे गृहस्थ. ते कमी बोलायचे, आणि बोलायचे तेव्हा नेमकं नको तिथे बोट ठेवायचे. मास्तरांच्या नाकावरचा राग त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता, की मास्तर गप्प असले तर ते काळजीने विचारायचे, "बरं वाटत नाही का?"

आणि मास्तरांची दाढी. दाट, भरघोस, छातीच्या पहिल्या बटणापर्यंत आलेली. गल्लीतले लोक पत्ता सांगताना "दाढीवाल्या मास्तरांच्या पुढे उजवीकडे वळा" असं सांगायचे. तिला कुठल्या सलूनवाल्याचा हात कधी लागला नाही. दोरे कापायच्या छोट्या कात्रीने मास्तर स्वतःच ती सारखी करायचे, आणि तेही डोळे किलकिले करून, जेवढं दिसायला हवं तेवढंच बघत.

याला कारण होतं, आणि ते जगात एकट्या मास्तरांना ठाऊक होतं. तरुणपणी ते एका घरी लग्नाच्या बोलणीला गेले होते. तेव्हा चेहरा गुळगुळीत. बोलणं छान झालं, चहा झाला, मास्तर हात धुवायला आत गेले आणि पडद्यापलीकडून मुलीच्या मावशीचा आवाज आला. "मुलगा चांगला आहे गं. हातात कला आहे. पण ओठ संपले की थेट गळाच सुरू होतो त्याचा! हनुवटी घरी विसरून आला की काय?" आतल्या सगळ्या बायका हसल्या. त्यात एक हसणं मुलीचंच होतं, असं मास्तरांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. नकार यायच्या आत त्यांनी दाढी वाढवायला घेतली होती.

पुढचं स्थळ आलं तोवर दाढी चांगली भरली होती. त्या घरून होकार आला, आणि ती मुलगी म्हणजे मास्तरांची बायको. संसाराला सव्वीस वर्षं झाली. तिने सुरुवातीला एकदोनदा म्हणून पाहिलं, "काढून तर बघा एकदा." मास्तरांनी सांगून टाकलं, "वस्तरा लागला की मला पुरळ येतं." बायकोने मान्य केलं. बिचारीला वाटलं, असेल बाई एकेकाची कातडी. मास्तर मात्र निर्धास्त झाले नाहीत. ओठांखाली थेट गळा सुरू होणाऱ्या माणसाबरोबर आपण इतकी वर्षं काढली, हे हिला कळलं तर ही काय म्हणेल, या विचाराने अजूनही त्यांची झोप उडायची. पन्नाशी उलटली तरी उडायची.

तर असं सगळं झाकपाक चाललेलं असताना एक दिवस एक वकीलबाई कोट घालून बघायला आल्या. आरशात वळून वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, कॉलरवर हे पांढरं काय?"

"खडू आहे," मास्तर म्हणाले, आणि ब्रशने झटकलं. शिंप्याच्या दुकानात काळ्या कापडावर पांढरं दिसलं तर तो खडू. त्यात विचार करण्यासारखं काय आहे? बेतताना आखतात, शिवून झाल्यावर झटकतात. मास्तरांनी जन्मभर हेच केलं होतं.

पण हा खडू झटकून संपेना. सकाळी झटकावा, दुपारी पुन्हा हजर. कॉलरवर, छातीवर, घडी घातलेल्या कोटाच्या नेमक्या मधोमध. मास्तर कोटाची घडी घालताना कॉलर दाढीखाली दाबून धरायचे आणि दोन्ही हातांनी बाह्या मागे दुमडायचे. म्हणजे गंमत बघा, जी हनुवटी आपल्याला नाहीच असं हा माणूस धरून चालला होता, तिच्याखाली त्याने शेकडो कोट धरले होते. असो. मास्तर तडक अस्तर-बटणांच्या दुकानात जाऊन थडकले.

"हा काय खडू म्हणायचा? पीठ विकता का तुम्ही?"

"मास्तर, बाकी कोणाची तक्रार नाही," दुकानदार म्हणाला.

"बाकीचे काळं शिवत नाहीत!"

दुकानदाराने दुसरा खडू दिला. त्यावरही मास्तर भांडून आले. मग त्याने मास्तरांपुढे अक्षरशः हात जोडले आणि पिवळा खडू त्यांच्या गळ्यात मारला. "हा घ्या. याचा डाग पडणार नाही आणि पडलाच तर मी येऊन पुसेन."

पिवळ्या खडूने बेतलेला पहिला कोट तयार झाला. काजवाल्यांनी काजं करायला तो मांडीवर घेतला, चष्मा वर केला, खाली केला, आणि बराच वेळ कॉलरकडे बघत बसले.

"मास्तर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा. रागावणार."

"खडू पिवळा आहे. मग भुकटी पांढरी कशी?"

मास्तरांचं मशीन थांबलं. त्यांनी खडूकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि माणसाला काहीच सुचत नाही तेव्हा तो जे करतो ते केलं. दुसऱ्यावर ढकललं. "तुमच्या डोक्यातला कोंडा असेल!"

काजवाल्यांनी शांतपणे टोपी काढली. टोपीखाली औषधालाही केस नव्हता.

मास्तर उठले आणि आरशासमोर जाऊन त्यांनी दाढीतून बोटं फिरवली. काळ्या सदऱ्यावर भुरभुर पांढरं पडलं. अस्तरवाल्या दुकानदाराला आपण काय काय बोललो ते त्यांना एकेक करून आठवायला लागलं. पुढे बरेच दिवस ते त्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

आता खरं तर इथेच माणसाने शहाणपणाने कोणाला तरी विचारावं. पण मास्तर पडले कारागीर, आणि डाग काढणं हे तर आपलंच काम, असं त्यांना वाटलं. त्यांनी कपडे धुवायचा साबण घेऊन दाढी खसखसून धुतली. कोटाचा ब्रश दाढीवरून फिरवला. तेल चोपडलं, मग तेल चिकट वाटलं म्हणून पुन्हा साबण. वरून दाढी अशी चकचकीत झाली की पक्षकार वळून बघायला लागले. आतली कातडी मात्र लालेलाल झाली आणि खाज सुटली. खाज तरी कशी, चारचौघांत बरोबर वेळ साधून यायची. एका न्यायाधीशांच्या खांद्याचं माप घेताना ती आली. मास्तरांनी टेप सोडून लाकडी पट्टी दाढीत खुपसली आणि डोळे मिटून घेतले. न्यायाधीश हात पसरून ताटकळत उभे. शेवटी ते म्हणाले, "मास्तर, तुमचं झालं की मला हात खाली घेऊ द्या."

घरी बायकोने उशीचा अभ्रा काढला, खिडकीपाशी नेऊन झटकला आणि थेट मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

"तुमच्या दाढीत कोंडा झालाय."

"खडू आहे."

"उशीवर बेतता का कोट?"

दुसऱ्याच दिवशी बायकोने त्यांना कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे पुढे घालून नेलं. वाटेत मास्तर तीन ठिकाणी काम आठवून थांबले, तिन्ही ठिकाणी तिने त्यांची बाही धरली.

डॉक्टर म्हणजे लेक शोभेल एवढ्या वयाची एक मुलगीच होती. तिने दिवा जवळ ओढला, कंगव्याच्या टोकाने गालावरचे केस बाजूला केले आणि तोंडाने चक् चक् केलं.

"काका, दाढी कशाने धुता?"

मास्तरांनी साबणाचं नाव सांगितलं.

"त्याने मी घरचे पडदे धुते," डॉक्टर म्हणाली. "दाढीची बडदास्त खूप ठेवलीत तुम्ही. तिच्याखाली कातडी आहे, तिचं काय? पाणी तिथे पोचतच नाही. घाम आत, तेल आत, साबणही आतच राहतो. वर ब्रशने घासता. ती बिचारी किती सोसणार?"

गिऱ्हाइकांना मास्तर स्वतः नेहमी सांगायचे की बाबांनो, वरच्या कापडावर भाळू नका, अस्तर बघा, कोट जातो तो आधी अस्तरातून जातो. आता एक पोरसवदा डॉक्टर त्यांना अस्तरावरच शिकवत होती, आणि ती बरोबर होती, हे त्यांच्या जिवाला फार लागलं.

"दोन रस्ते आहेत," ती म्हणाली. "हा औषधी शाम्पू देते. एक दिवसाआड लावायचा. केसांना नाही, केसांच्या मुळाशी, कातडीला. बोटांच्या पेरांनी हलकेच चोळायचं, नखं लावायची नाहीत. पाच मिनिटं ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. मग नीट कोरडं करायचं. साबण, ब्रश, तेल, सगळं बंद. नाहीतर दुसरा रस्ता सोपा. दाढी काढून टाका. लवकर बरं होईल."

"काढून टाका!" बायको म्हणाली.

"वस्तऱ्याने मला पुरळ येतं," मास्तर म्हणाले.

डॉक्टरने दिवा पुन्हा त्यांच्या गालाजवळ नेला. "मग हे आत्ता काय आलंय?"

बायकोने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. शेवटी ठरलं असं, की महिनाभर शाम्पू. महिन्यात पूर्ण बरं झालं तर दाढी राहील. नाही झालं तर जाईल. मास्तरांनी मान डोलावली खरी, पण कोर्टात शिक्षा ऐकून घेणारा माणूस डोलावतो तशी.

महिनाभर मास्तरांनी काही कसूर केली नाही. एक दिवसाआड सकाळी ते न्हाणीघरात जायचे आणि कडी लावून घ्यायचे. बाहेर बायको उभी.

"मुळाशी लावलं का?"

"लावलं!"

"नखं लावू नका."

"नाही लावत!"

"पाच मिनिटं झाली नाहीत अजून. पाण्याचा आवाज येतोय मला!"

आणि खरोखर गुण आला. खाज गेली. गाल निवळले. मापं एका फटक्यात घेतली जाऊ लागली. काजवाले एका कोटाची कॉलर उजेडात धरून म्हणाले, "आज खडू संपला वाटतं." मास्तर यावर चक्क हसले. काजवाल्यांनी लगेच विचारलं, "बरं वाटत नाही का?"

महिन्याने डॉक्टरने पुन्हा दिवा ओढला. उजवा गाल पाहिला. "छान." डावा पाहिला. "छान." मिशीखालचं पाहिलं, गळा पाहिला, "वा, काका!" म्हणाली. मास्तर खुर्चीत सैलावले. मग तिने हनुवटीवरचे केस बाजूला केले आणि तिचा हात थांबला.

"हे काय?"

तिथे, बरोबर मधोमध, वाटीच्या तळाएवढी जागा होती तशीच होती. लाल, खरखरीत, पापुद्रे सुटलेली. चहूकडे पीक कापून नेलं आणि मधे एक तुकडा तेवढा विसरला असावा, तशी.

"इथे औषध लावतच नाही तुम्ही."

"लावतो की."

"मग औषधाला ही जागा आवडत नाही का?"

तेवढ्यात मास्तरांचं मास्तरांनाच कळलं. हात गालांवरून यायचे, जबड्याच्या कडेने उतरायचे, आणि मधल्या त्या जागेपाशी आले की वळसा घालून गळ्यावर जायचे. मुद्दाम नव्हे. इतकी वर्षं त्या जागेला त्यांनी स्वतः तरी कुठे हात लावला होता? जी वस्तू नाहीच, ती धुणार कशी?

"आणखी आठ दिवस देते," डॉक्टर म्हणाली. "पण इथे आता दुसऱ्या कोणीतरी लावायचं. नाहीतर माझ्याकडे केस कापायचं मशीन आहे, आत्ताच साफ करू या." तिने खण उघडला सुद्धा. खणातलं मशीन बघून मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी लावीन," बायको म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने न्हाणीघरात स्टूल ठेवलं, मास्तरांना त्यावर बसवलं, आणि मास्तर गिऱ्हाइकाच्या खांद्यावर कापड टाकतात तसा त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. बाटलीतला शाम्पू तळहातावर घेतला. गालांपासून सुरुवात केली. तिचे हात काम करून रापलेले होते, पण लावणं हलकं होतं. मास्तरांना बरं वाटत होतं आणि धडकीही भरत होती. हात उतरत उतरत जबड्यावर आला. आणखी खाली आला. मास्तरांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"तिथे नको."

"तिथेच तर सांगितलंय."

"मी लावतो तिथे."

"महिनाभर लावलंत ना? दिसलं मला." तिने हात सोडवून घेतला नाही, नुसती थांबली. "अहो, झालंय तरी काय? दुखतं का?"

"नाही."

"मग?"

फेस दाढीतून टपकत होता. मास्तरांनी समोरच्या बादलीकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी वकिलांशी, दुकानदारांशी, नळवाल्याशी, सगळ्यांशी आवाज चढवून बोलून घेतलं होतं, पण हे मात्र त्यांनी बादलीला सांगावं तसं हळूच सांगितलं.

"मला हनुवटी नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते घर, तो पडदा, ती मावशी. ओठ संपले की गळा. आतलं हसणं. पुरळाची थाप. सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू समोर बायको नसून तीच मावशी उभी आहे. सगळं सांगून ते थांबले आणि ती हसेल म्हणून वाट बघत राहिले. हसू तिला पटकन यायचं. डॉक्टरकडे तर पदर पुरला नव्हता.

ती हसली नाही. तिने मनगट सोडवलं, दोन्ही हातांचे अंगठे सरळ दाढीत घातले, आणि तिला जिथे जायचं होतं तिथे नेऊन टेकवले.

"ही काय मग?"

मास्तर ताठ झाले.

"ही बघा. इथे सुरू होते, इथे संपते. लहान आहे. पण आहे." ती चोळायला लागली. "आणि किती खरखरीत करून ठेवलीत हो हिला. मावशीचं ठीक आहे, त्या बोलल्या आणि विसरल्या. तुम्ही तरी बघायचंत."

मास्तरांचा श्वास हळूहळू सुटला. पण एक प्रश्न राहिला होता, आणि तोच खरा होता. सव्वीस वर्षं ज्याच्यावर केस वाढवले होते, तोच. त्यांना तो विचारायचा नव्हता. तरी तोंडातून गेला.

"तेव्हा तू मला दाढीशिवाय पाहिलं असतंस, तर हो म्हणाली असतीस?"

बायकोचे हात थांबले. तिला खोटं बोलता यायचं नाही. भाजी खारट झाली तर पाहुण्यांच्या देखत आधी तीच सांगून मोकळी व्हायची. ती विचार करत राहिली, आणि ती इतका वेळ का विचार करतेय हे कळून मास्तरांचा जीव टांगणीला लागला.

"तेव्हा?" ती म्हणाली. "तेव्हा नाहीच म्हटलं असतं."

मास्तरांनी मान खाली घातली.

"मान वर करा, ओघळतंय सगळं. वीस वर्षांची होते मी. मला काय कळत होतं? आमच्या ताईने एकाला कान मोठे आहेत म्हणून नकार दिला होता. मी तुम्हाला हनुवटीवरून नक्की दिला असता. वर चार मैत्रिणींना सांगून हसले असते." तिने पुन्हा चोळायला सुरुवात केली. "आणि मग बसले असते जन्मभर कुठल्यातरी लांब हनुवटीवाल्याचे डबे भरत. नशीब माझं, तुम्ही दाढी वाढवलीत."

ज्या उत्तराला मास्तर इतकी वर्षं भीत होते, ते हेच होतं. ते आलं होतं, अगदी जसंच्या तसं. आणि तिचा अंगठा त्यांच्या हनुवटीवर गोल गोल फिरतच होता.

मास्तर हसायला लागले. आधी नाकातून, मग तोंड उघडून.

"हसू नका, तोंडात जाईल."

"गेलं," मास्तर म्हणाले. "कडू आहे." त्यांनी टॉवेलच्या टोकाने डोळे पुसले. "डोळ्यांतही गेलं."

"डोळ्यांपर्यंत मी आणलंच नाही," बायको म्हणाली, आणि तिने तांब्या भरून घेतला.

"काय गं," मास्तर डोळे मिटून म्हणाले, "मग आता काढायचीच का दाढी?"

"थांबा की आठ दिवस. आत्ता कुठे माझा हात बसतोय."